निनवे मैदानातली असिरियन पथकं: गावाचा आधार की पक्षांच्या फौजा?

मैदानवाचक:
६ ऑगस्ट २०१४ च्या रात्री पेशमर्गा, म्हणजे कुर्दांचे सैनिक, उत्तर इराकच्या निनवे मैदानातली काराकोश, बार्टेल्ला, करमलेश ही ख्रिस्ती गावं सोडून निघून गेले आणि आयसिस आत शिरली. लोक नेसत्या वस्त्रानिशी अर्बिलजवळच्या अंकावाकडे पळाले. त्याच वर्षाअखेरीस असिरियन, म्हणजे इथल्या मूळ ख्रिस्ती समाजातल्या, स्वयंसेवकांचं ‘निनवे मैदान संरक्षण पथक’ (एनपीयू) उभं राहिलं. अशी पथकं हवीतच, असं माझं ठाम मत. काही शे माणसं आणि हलकी हत्यारं मोसुल जिंकणार नव्हतीच. खरं काम ऑक्टोबर २०१६ मध्ये काराकोश सुटल्यावर सुरू झालं. घरं जाळलेली, खाली भुयारं, जागोजागी सुरुंग. अल-ताहिरा चर्चच्या अंगणात आयसिसने नेमबाजीचा सराव केलेला, खांब गोळ्यांनी सोललेले. अशा गावी कुटुंब परततं ते नाक्यावर सुरेथ ही असिरियनांची भाषा बोलणारा, कुठलं घर कोणाचं हे जाणणारा पोरगा दिसला तरच.

रोखठोक:
पण पोरगा हुकूम कोणाचा ऐकतो? एनपीयूमागे झोवा हा असिरियन पक्ष, द्वेख नौशा या दुसऱ्या असिरियन पथकामागे असिरियन देशभक्त पक्ष, तेही पेशमर्गांच्या साथीने. समाज मूठभर आणि बंदुका दोन तंबूंत! हलक्या हत्यारांचं म्हणाल तर ३ मे २०१६ चं तेलस्कुफ आठवा. आयसिस स्फोटकांच्या गाड्या घेऊन गावात घुसली. गाव त्याच दिवशी परत मिळालं, ते पेशमर्गा आणि अमेरिकी विमानांमुळे.

मैदानवाचक:
तेलस्कुफचं मान्य. रणगाडाभेदी शस्त्राशिवाय असली गाडी थांबत नाही. म्हणून मोठा हल्ला लष्कराने झेलावा, नाका आणि गस्त गावाने सांभाळावी.

रोखठोक:
लष्कराच्या भरवशाचा अनुभव १९३३ चा आहे. ब्रिटिशांनी लेव्हीज या आपल्या स्थानिक सैन्यात असिरियन भरती केले, १९३२ मध्ये इराक स्वतंत्र झाला आणि पुढच्याच ऑगस्टमध्ये सिमेलेत इराकी लष्करानेच असिरियन गावकरी कापले.

तिसरी बाजू:
दोघांचंही एका गोष्टीकडे दुर्लक्ष होतंय. मैदानातलंच आणखी एक पथक, बॅबिलोन ब्रिगेड, स्वतःला ख्रिस्ती म्हणवते, पण तिच्यातले बरेच सैनिक मैदानाबाहेरचे शिया अरब आहेत. प्रमुख रायान अल-किल्दानीवर अमेरिकेने जुलै २०१९ मध्ये मानवी हक्कभंगासाठी निर्बंध घातले. एनपीयू आणि ही ब्रिगेड, दोन्ही हश्द या सरकारमान्य सशस्त्र गटांच्या दलातच, पगार बगदादचाच. तेव्हा पथकाचं नाव बघू नका, भरतीची यादी बघा: कोण कुठल्या गावचा, आणि त्याला नाक्यावरून हटवायचा अधिकार कोणाकडे.