रि: झीकला फक्त १२ वेळा?

प्रेषक: पॉवेलकर
रविवार, २२ नोव्हेंबर २०१५

मंडळी,

कालच्या अमेरिकन कॉलेज फुटबॉलच्या मॅचमध्ये मिशिगन स्टेट १७, आपलं ओहायो स्टेट १४. घरच्या मैदानावर, कोलंबसला. प्लेऑफच्या (राष्ट्रीय विजेतेपदाच्या फेरीच्या) यादीत आपण तिसरे, ते नववे, त्यात त्यांचा क्वार्टरबॅक (क्यूबी, ज्याच्या हातून प्रत्येक खेळी सुरू होते) कॉनर कुक खांदा धरून बाहेर बसलेला. अख्ख्या मॅचमध्ये ते एकदाच पुढे गेले, तेही घड्याळात शून्य उरल्यावर.

काल दिवाळीच्या कार्यक्रमात शेवटच्या दोन रांगा माना खाली घालून बसल्या होत्या, ते काही नाट्यगीतात तल्लीन होऊन नव्हे. त्यांच्या गायगरची ४१ यार्डांची किक खांबांमधून गेली तेव्हा स्टेजवर भैरवी चालली होती. आमच्या बाजूने मोठ्ठा "अरेरे" निघाला आणि बिचाऱ्या गाणाऱ्या ताईंना वाटलं सूर लागला नाही.

आता मुद्दा. इझिकिएल एलियट, म्हणजे आपला रनिंग बॅक (बॉल घेऊन पळणारा) झीक, ज्याने जानेवारीत ओरेगॉनला ३६ कॅरींमध्ये (बॉल घेऊन पळण्याच्या खेपांत) २४६ यार्डांचा मार दिला, सलग १५ मॅचेस शंभर यार्डांच्या वर गेला, त्याला काल बॉल किती वेळा दिला? १२. यार्ड ३३. आणि आपला क्यूबी जे. टी. बॅरेट स्वतः बॉल घेऊन पळाला १५ वेळा. क्यूबी जास्त, रनिंग बॅक कमी! नवरदेवानेच पंगतीत वाढायला घ्यावं आणि वाढप्यांनी हात बांधून बघत राहावं, असा प्रकार. अख्ख्या टीमचे एकूण यार्ड १३२. मुलगा मॅचनंतर पत्रकारांसमोर उघड नाराजी बोलून गेला, एनएफएलला (व्यावसायिक लीगला) जाणार म्हणाला. त्याचं काय चुकलं?

हा क्यूबी-रनचा हट्ट आपला कोच अर्बन मायर कधी सोडणार?

– पॉवेलकर

---

प्रेषक: डब्लिनकर

पॉवेलकर, पहिली गोष्ट म्हणजे झीक आठवड्यात पायाच्या इन्फेक्शनने हॉस्पिटलात होता. १२ कॅरींमागे तेही कारण असू शकतं. उभा राहिला हेच पुष्कळ.

दुसरं, क्यूबीने पळणं हे मायरने कोलंबसला आणलेलं फॅड नव्हे. आपल्या जुन्या कोच वुडी हेजच्या काळी लोक "तीन यार्ड आणि धुळीचा लोट" म्हणायचे (म्हणजे बॉल हातात घेऊन रेटत राहायचं), पण रनिंग बॅक आर्ची ग्रिफिन ७४ आणि ७५ अशी लागोपाठ दोनदा हाइझमन (कॉलेजच्या सर्वोत्तम खेळाडूची ट्रॉफी) जिंकला तेव्हा क्यूबी कोण होता? कॉर्नेलियस ग्रीन. पळणारा क्यूबी. ग्रीन पळायचा म्हणून आर्चीवर सगळे तुटून पडू शकत नव्हते. दोघं एकमेकांच्या जिवावर मोठे झाले.

बाकी पावसाने आणि वाऱ्याने पासचा (बॉल फेकण्याचा) खेळ गेला, ओला बॉल हातात ठरेना, त्याला कोण काय करणार.

---

प्रेषक: कमिटी

नमस्कार. ही लिस्ट मंडळाच्या कामासाठी आहे. फुटबॉलची चर्चा चालू ठेवायला हरकत नाही, फक्त विषयाची ओळ बदलू नये, म्हणजे ज्यांना नको त्यांना गाळता येईल. हॉलमध्ये दोन जॅकेटं, एक लहान मुलाचा डावा बूट आणि एक स्टीलचा डबा राहिला आहे.

---

प्रेषक: वेस्टरव्हिलच्या मावशी

डबा माझा. आत चकल्या होत्या. होत्या का?

---

प्रेषक: लेन अव्हेन्यू

डब्लिनकरकाका, पॉवेलकरदादा,

मी स्टुडंट सेक्शनमध्ये होते, पोंचोच्या बाहीतून पाणी कोपरापर्यंत आलेलं. बॉलकडे न बघता मी बराच वेळ त्यांच्या ८९ नंबरकडे बघत होते, शिलीक कॅलहून. का ते सांगते, कारण "झीकला का नाही दिला" याचं निम्मं उत्तर तिथे आहे.

आपल्या नेहमीच्या झोन रीडमध्ये लाइनवरचे आपले लोक समोरच्या टीमच्या टोकाच्या बचावपटूला, म्हणजे कॅलहूनसारख्या डिफेन्सिव्ह एंडला, मुद्दाम ब्लॉक करत नाहीत. बॅरेट बॉल झीकच्या पोटाशी धरतो आणि त्या एंडकडे बघतो. तो झीकवर धावला तर बॉल काढून स्वतः पळायचं, तो जागेवर थांबला तर बॉल झीकला. म्हणजे अशा प्लेमध्ये कॅरी कोणाची हे मायर ठरवत नाही, बॅरेटही पुरतं ठरवत नाही. समोरचा एंड ठरवतो. मिशिगन स्टेटला झीकची भीती होती, बॅरेटची त्यामानाने कमी. मग त्यांनी काय केलं असेल? झीकचा रस्ता बंद, बॅरेटला म्हणाले पळ बाबा. दादा, तुमच्या १५ मधल्या काही कॅरी त्यांनी आपल्याला दिलेल्या आहेत. शिवाय कॉलेजच्या हिशोबात सॅक झाला (पास टाकण्याआधीच क्यूबीला पाडलं) की तोही क्यूबीच्या रनमध्ये धरतात. तो १५ चा आकडा जसाच्या तसा घेऊ नका.

आता क्यूबीला पळवायचंच कशाला? साधा हँडऑफ केला (बॉल बॅकच्या हातात दिला) की क्यूबीचं काम संपलं, तो बघ्या झाला. आपले दहा, त्यांचे अकरा. क्यूबी स्वतः पळाला तर रनिंग बॅक पुढे जाऊन ब्लॉक करतो, अकराला अकरा. युटाहला ॲलेक्स स्मिथ, फ्लोरिडाला टीम टीबो, इथे ब्रॅक्स्टन मिलर, मायर सगळीकडे याच एका माणसाच्या फायद्यावर जगलाय. फ्लोरिडाला २००६ आणि २००८ ची दोन विजेतेपदं त्यातूनच आली.

पण मिशिगन स्टेटचे सेफ्टी (सगळ्यात मागचे बचावपटू) लांब मागे उभे राहतच नाहीत. रन दिसला की सरळ खाली येतात, मागे कॉर्नर (कडेचे बचावपटू) आणि आपले रीसिव्हर (पास झेलणारे) एकटे सोडून. आपण एक माणूस मिळवला, त्यांनी दोन आणून टाकले. याला औषध एकच, त्या सेफ्टींच्या डोक्यावरून लांब फेकणं. गेल्या वर्षी ते काम आपला रीसिव्हर डेव्हिन स्मिथ करायचा. विस्कॉन्सिनला ५९–० हरवलं त्या मॅचमध्ये क्यूबी कार्डेल जोन्सचे तीन टचडाउन (सहा गुणांचे) पास एकट्या स्मिथने घेतले होते. स्मिथ गेला एनएफएलला, ऑफेन्सचं डोकं टॉम हर्मन गेला ह्यूस्टनला. काल बॅरेटचे पासचे यार्ड किती? १६ पैकी ९ लागले, ४६ यार्ड. सेफ्टींना घाबरायचं कारणच उरलं नव्हतं.

म्हणून माझं म्हणणं, क्यूबी-रन हा रोग नाही. पासची धमकी गेली की क्यूबी-रन काय आणि झीकचा रन काय, दोन्ही त्याच भिंतीवर आपटतात. झीकचे १२ कॅरींत ३३ हेही पाहा.

– लेन अव्हेन्यू

ता. क. मावशी, चकल्या होत्या. काल रात्री आम्हाला आधाराची गरज होती.

---

प्रेषक: पॉवेलकर

पोरी, चित्र छान काढलंस, पण माझा राग तिथेच आहे. एंड जर दर वेळी झीकचा रस्ता अडवत असेल तर रीड बंद करा की! सरळ हँडऑफ लावा, टाइट एंड (लाइनच्या टोकाला ब्लॉक करणारा गडी) आणा, त्या ८९ नंबरवर माणूस घाला. कोचला पगार त्यासाठीच आहे. "डिफेन्सने ठरवलं" हे दुसऱ्या क्वार्टरपर्यंत ऐकून घेईन, चौथ्यात नाही. आपले दोन्ही टचडाउन त्यांनी बॉल सांडल्यावर, त्यांच्याच हद्दीत आयता मिळालेल्या बॉलवर झाले. स्वतःच्या पायावर उभी राहिलेली एक ड्राइव्ह (बॉल पुढे नेत नेत केलेली सलग चढाई) दाखव.

आणि हे पहिल्यांदा होतंय का? ७ डिसेंबर २०१३ आठवा. इंडियानापोलिस, बिग टेनची (आपल्या कॉन्फरन्सची) फायनल, समोर हेच मिशिगन स्टेट. आपण २४ मॅचेस न हरता आलेलो. २७–२४ ने मागे, चौथा डाउन (शेवटचा प्रयत्न), दोन यार्ड हवे. आपला रनिंग बॅक कार्लोस हाइड त्या दिवशी १८ कॅरींत ११८ यार्ड पळालेला, बैल माणूस. बॉल कोणाकडे? ब्रॅक्स्टन मिलर. त्यांच्या डेनिकॉस ॲलनने जागच्या जागी आडवा केला. ३४–२४, खेळ खलास. काल २३ विजयांची माळ त्याच टीमने तोडली, बिग टेनमधले नियमित मोसमाचे ३० विजयही तिथेच संपले. अटीतटीला आला की मायरचा हात क्यूबीकडेच जातो. हा गणिताचा प्रश्न नाही, स्वभावाचा आहे.

तिसरं, क्यूबीची हाडं. गेल्या वर्षी मिलर ऑगस्टमध्येच खांदा घेऊन बसला. बॅरेटने मिशिगनच्या मॅचमध्ये पळताना घोटा मोडून घेतला. तिसऱ्या नंबरच्या कार्डेलने ट्रॉफी आणली म्हणून सगळे विसरले. दर वर्षी तिसरा क्यूबी असा निघतो का?

---

प्रेषक: डब्लिनकर

हाइडच्या त्या प्लेवर मी पॉवेलकरांच्या बाजूने. ते दोन यार्ड मला अजून खुपतात.

पण त्यांच्या डिफेन्सचं श्रेय द्याल की नाही? त्यांचा डिफेन्सचा कोच नार्डुझी पिट्सबर्गला गेल्यावर ते काम दोघांनी वाटून घेतलंय, हार्लन बार्नेट आणि माइक ट्रेसल. हा माइक म्हणजे आपल्याच जुन्या कोच जिम ट्रेसलसाहेबांचा सख्खा पुतण्या. २००२ ची ट्रॉफी काकांनी दिली, २०१५ ची पुतण्याने घालवली. महाराष्ट्रातून आलेल्यांना काका-पुतण्याचं काही नवल नाही म्हणा.

त्यांचा बदली क्यूबी टायलर ओ'कॉनरही ओहायोचाच, लिमाचा. आणि दुसरा डेमियन टेरी, त्याला तर मुद्दाम पळण्यासाठीच आत आणत होते! भरवशाचा पास नसताना त्यांनी जमिनीवरून बॉल नेत नेत घड्याळ खाल्लं. म्हणजे काल मैदानावर क्यूबी-रन दोघंही खेळत होते, पॉवेलकर. एकालाच फळला.

---

प्रेषक: ॲन आर्बरकर (जुने सभासद, लिस्टवरून नाव काढायचं राहिलेलं)

काय मंडळी, सुतक चालू आहे वाटतं. आमच्या मिशिगनकडे हार्बॉ कोच म्हणून आलाय, ९–२ आहोत, शनिवारी या. चहा देऊ.

---

प्रेषक: कमिटी

ॲन आर्बरकरांचं नाव काढू नये अशी तीन पत्रं आली, काढावं अशी अकरा. विचार चालू आहे.

---

प्रेषक: पॉवेलकर
शनिवार, २८ नोव्हेंबर

मिशिगनला ४२–१३!! ॲन आर्बरकर, चहा थंड झाला का?

आणि आता बोला. झीक: ३० कॅरी, २१४ यार्ड, दोन टचडाउन. एका आठवड्यात १२ चे ३०. बॉल दिला की काय होतं ते दिसलं. मला आणखी काही म्हणायचं नाही.

---

प्रेषक: लेन अव्हेन्यू

दादा, अभिनंदन, पण दुसरी ओळही वाचा. बॅरेट: १९ कॅरी, १३९ यार्ड, तीन टचडाउन. गेल्या शनिवारी १५, आज १९. क्यूबी-रन कमी झालाच नाही, वाढला. पास उलट एकाने कमी, १५.

बदललं काय ते मला असं दिसतं. ऑफेन्सचा कोच एड वॉरिनर आज मैदानावर नव्हता, वर प्रेस बॉक्समध्ये बसला होता. वरून त्याला सेफ्टी कुठे उभे आहेत ते दिसतं, खाली पावसात लाइनमनच्या पाठी दिसतात. दुसरं, झीकला सुरुवातीपासून बॉल मिळाला, त्यामुळे एंडला त्याच्यावर धावावंच लागलं आणि बॅरेटला बाहेरची वाट मोकळी मिळाली. काकांनी ग्रीन आणि आर्चीचं सांगितलं ते नेमकं हेच. तुमचाही मुद्दा त्यात येतो, आधी बॅकला द्या. पण क्यूबीला बसवा, हे त्यातून निघत नाही. आज बॅरेट न पळता तर झीकचे २१४ झाले नसते.

---

प्रेषक: पॉवेलकर

पटतंय असं नाही, पण १९ चा आकडा बघितला नव्हता असंही नाही. ४२ झाले की मी भांडत नाही.

---

प्रेषक: डब्लिनकर

भांडून उपयोगही नाही. आत्ताच मिशिगन स्टेटने पेन स्टेटला ५५–१६ ने चेचलं. बिग टेनमधला आपला गट त्यांनी जिंकला, इंडियानापोलिसला फायनल आयोवाशी तेच खेळणार. आपण ११–१ असून घरी. एका किकवर.

---

प्रेषक: पॉवेलकर

५ डिसेंबर, ल्यूकस ऑइल स्टेडियम, खालच्या मजल्यावरची चार तिकिटं विकणे आहे. ऑगस्टमध्येच घेऊन ठेवली होती, कारण विचारू नये. लॅन्सिंगचं (मिशिगन स्टेटकडचं) किंवा आयोवातलं कोणी मराठी कुटुंब ओळखीचं असेल तर कळवा. आयोवाला दहा डॉलर सूट.