जर्नल आहे म्हणे, मग डेटा कुठे गेला?

सातबारा_कोरा (देवगड)
काल इथे एका नवशिक्याने विचारलं, लिनक्सवर डेटा सुरक्षित कसा ठेवू. त्यावर 'चाकरमानी२.०' यांचं उत्तर : "ईएक्सटी४ घाल आणि निर्धास्त झोप. जर्नल असतं, लाईट गेली तरी डेटाला काही होत नाही. यूपीएस म्हणजे पैसे पाण्यात." ते वाचून तो झोपला असेल, माझी मात्र उडाली.

ईएक्सटी४ ही लिनक्सची नेहमीची फाईल सिस्टिम, म्हणजे डिस्कवर फाईली मांडणारी व्यवस्था, आणि जर्नल म्हणजे तिची बदल आधी टिपून ठेवायची वही. नेहमीच्या ऑर्डर्ड मोडमध्ये या वहीत जातो फक्त मेटाडेटा. फाईल कुठली, केवढी, कुठल्या ब्लॉकवर. पोटात काय आहे ते तिथे लिहिलंच जात नाही. लाईट आली की जर्नल रिप्ले होतं, म्हणजे टिपलेले बदल पुन्हा लागू होतात, फाईल सिस्टिम लगेच उभी राहते, पूर्वीसारखं एफएससीके, म्हणजे अख्ख्या डिस्कची तपासणी, संपायची वाट बघत बसावं लागत नाही. उपकार आहेत, नाही म्हणत नाही. पण तलाठ्याच्या दप्तरात सातबारा शाबूत आहे म्हणून पुरात गेलेलं भात परत येतं का?

माझंच सांगतो. एप्रिलअखेर, आंब्याचा कडक सीझन. पेट्यांची रोजची पट्टी भाच्याने लिहून दिलेल्या छोट्या प्रोग्रॅममध्ये, रोज नवी फाईल. २१२ पेट्या भरल्या, सेव्ह केलं, खिडकीतून टेम्पोवाल्याला 'थांब' म्हणून हात केला आणि लाईट गेली. मधे फार तर पंधरा-वीस सेकंद. लाईट आल्यावर मशीन निमूट सुरू. फाईल जागेवर, नाव बरोबर, तारीख बरोबर, साइझ शून्य. एक एरर नाही! नाव दर पाच सेकंदांनी होणाऱ्या कमिटमध्ये जर्नलला पोचलं. मजकूर डिलेड अलोकेशनच्या, म्हणजे डिस्कवरची जागा उशिरा ठरवण्याच्या, कृपेने मेमरीतच लोळत होता. तिथे तो तीसेक सेकंद आरामात राहतो.

चाकरमानी२.०
दादा, म्हणजे चूक भाच्याची. एफसिंक, म्हणजे 'आत्ताच्या आत्ता डिस्कवर लिही' हा हुकूम, केलं नाही आणि शिव्या फाईल सिस्टिमला. हा वाद २००९ मध्येच होऊन गेला. ईएक्सटी४ चे मुख्य डेव्हलपर थिओडोर त्सो यांनी तेव्हाच सांगितलं होतं की डेटा डिस्कवर हवा असेल तर प्रोग्रॅमने एफसिंक करायचं. तरी लोक ओरडले म्हणून २.६.३० कर्नलपासून (कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा) नवी फाईल रीनेम करून जुनीवर बसवताना तिचे ब्लॉक आधी लिहिण्याची सोयसुद्धा केली. पंधरा वर्षं झाली त्याला.

सातबारा_कोरा
ती सोय जुन्या फाईलवर नवी बसवताना. माझी फाईल कोरी करकरीत नवी होती, तिला ती लागू नाही. राहिला भाचा. चूक त्याची, मान्य. मग "निर्धास्त झोप" कोणी लिहिलं, भाच्याने?

कुळथाची_पिठी
दोघंही अर्धवट. एफसिंक केलं तरी डिस्कची स्वतःची कॅश, म्हणजे तात्पुरती मेमरी, असते. कर्नल फ्लश, म्हणजे कॅश रिकामी करायचा हुकूम, पाठवतो, पण डिस्क बसवायचे स्वस्तातले काही यूएसबी डबे तो गिळतात आणि 'झालं' म्हणून मोकळे होतात. ईएक्सटी४ च्या आधीच्या ईएक्सटी३ च्या काळात तर बॅरिअर, म्हणजे हे फ्लश पाठवणं, डीफॉल्टला बंदच असायचं. आणि एफसिंकची सवय लोकांना का नाही? कारण त्याच ईएक्सटी३ वर एकाने एफसिंक मारलं की सगळ्यांचंच ओझं डिस्कवर उतरायचं. २००८ मध्ये फायरफॉक्स ३ त्यापायी अडखळायचा. शहाण्या प्रोग्रॅमरनी धडा घेतला : एफसिंक टाळा.
इतकीच भीती असेल तर डेटा=जर्नल हा मोड लावा. मजकूरही जर्नलमधून जातो, डिलेड अलोकेशन बंद होतं. सगळं दोनदा लिहिलं जातं, तेवढं सोसा.

सुरंगी (मालवण)
माझं मोड-बिड काही नाही, राग "यूपीएस म्हणजे पैसे पाण्यात" या वाक्याचा आहे. ठाण्याला बसून लिहायला काय जातं? इथे जूनच्या पहिल्या वाऱ्याला झावळी तारेवर पडते. अरे मेल्या, लायट जाता म्हणानच तर यूपीएस व्हयो ना!
शिवाय खारी हवा. माझ्या दुकानात दाखल्यांचे फॉर्म भरायचं मशीन आहे. फाईली कॉपी करताना अडकायचं. स्मार्टमध्ये, म्हणजे डिस्कच्या स्वतःच्या तब्येतीच्या नोंदीत, १९९ नंबरचा सीआरसीचा (केबलवरून जाताना बिघडलेल्या डेटाचा) आकडा रोज वाढलेला. डिस्कची साटा केबल काढली तर टोकाला हिरवट पूड. केबल बदलली, आकडा थांबला. त्याला तुमचं जर्नल काय करणार होतं?

चाकरमानी२.०
सुरंगीताई, मी ठाण्यात नाही, चार वर्षं गुहागरला घरूनच काम करतोय. दर वेळी 'चाकरमानी' म्हणून हिणवायचं असेल तर बोलणंच नको. आणि घरी इन्व्हर्टर आहे, म्हणून म्हटलं वेगळा यूपीएस कशाला.

सुरंगी
नाव तुम्हीच घेतलंय की! आता कळलं, इन्व्हर्टरच्या जिवावर दुसऱ्यांना "यूपीएस नको" सांगत होतात.

सातबारा_कोरा
इन्व्हर्टर म्हणजे यूपीएस नव्हे. लाईट गेल्यावर मशीनचा पॉवर सप्लाय पूर्ण लोडवर १६-१७ मिलिसेकंद तग धरतो, त्याच्या आत इन्व्हर्टर यायला हवा. घरगुती इन्व्हर्टरला बहुधा एक स्विच असतो, यूपीएस आणि नॉर्मल. नॉर्मलवर पंखा-दिव्यांना कळत नाही, मशीन मात्र रीस्टार्ट होतं.

कुळथाची_पिठी
कमी लोडवर जास्त तग धरतो. सरसकट विधान नको. बॅटरीत पाणी कोणतं घालता? विहिरीचं घालणारे पाहिलेत.

सुरंगी
आमच्याकडे डिस्टिल्डच येतं हो. तुमच्याकडे कुळथाचं कळण घालत असतील.

चाकरमानी२.०
धागा फाईल सिस्टिमचा आहे ना?

वाशिष्ठीकाठ (चिपळूण)
मी फक्त वाचत होतो. आमचा फोटो स्टुडिओ. २२ जुलै २०२१. पहाटे पाणी चढायला लागलं तेव्हा सीपीयू टेबलावरून कपाटावर ठेवला. बॅकअपची डिस्क? ती त्याच टेबलाच्या खणात. दोन दिवसांनी शटर उघडलं तर कपाट आडवं, डब्यात चिखल, पंख्याच्या पात्यांत गवत. सात वर्षांची लग्नं. लोक अजून येतात, "आमचा अल्बम मिळेल का?" म्हणून. एफसिंक झालेलं होतं सगळं, वर्षानुवर्षांपूर्वी.
आता एक डिस्क सासुरवाडीला कराडला असते. महिन्यातून एकदा बदलून आणतो. सासूबाईंना वाटतं जावई फारच मायाळू.

चाकरमानी२.०
यावर काय बोलणार. बरं, "डेटाला काही होत नाही" हे वाक्य चुकलं. "फाईल सिस्टिमला काही होत नाही" असं लिहायला हवं होतं.

सातबारा_कोरा
जरा जड गेलं वाटतं. असो, पावलं. भाच्याने काल एफसिंक घातलं : आधी फाईलला, मग डिरेक्टरीला. सेव्हला आता डोळ्याला दिसेल इतका वेळ लागतो. बाबा विचारतात, अडकलं काय रे?

कुळथाची_पिठी
जुनी फिरती डिस्क असणार. एसएसडी घ्या. पण स्वस्तातली नको, लाईट गेल्यावर कॅशमधलं लिहून संपवायला कपॅसिटर असलेली.

सातबारा_कोरा
हापूसचा भाव सांगू का आधी यंदाचा?

चाकरमानी२.०
एक विचारायचं होतं. तो स्विच कुठे असतो? आमचा इन्व्हर्टर जिन्याखाली आहे.

सातबारा_कोरा
बहुतेक मागच्या बाजूला.

चाकरमानी२.०
पाहिला. नॉर्मलवर आहे. आणि मी चार वर्षं कर्नल अपडेटला दोष देतोय.