स्क्रॅमजेटचं एकतर्फी नोझल: रॅम्प कुठे चुकतोय?

प्रश्न
स्क्रॅमजेट (आतली हवा ध्वनीपेक्षा वेगात असतानाच इंधन जाळणारं इंजिन) आहे: उड्डाण मॅक 6 (ध्वनीच्या सहापट वेग), उंची 25 किमी, इंधन हायड्रोजन. ज्वलनकक्षातून वायू मॅक 2, 80 किलोपास्कल, 2200 केल्विनला बाहेर पडतो. तिथे मार्गाची उंची 50 मिमी. मेथड ऑफ कॅरॅक्टरिस्टिक्सने (स्वनातीत प्रवाहाला साजेसा भिंतीचा आकार काढायची गणिती पद्धत) मॅक 4 साठी रॅम्प, म्हणजे नोझलची वायू फुलवणारी एकच उतरती भिंत, आखला. सीएफडीत (संगणकावरच्या प्रवाह-गणितात) नोझलच्या बाहेर पडायच्या तोंडाशी मॅक 3.5 च मिळतोय आणि दाब बाहेरच्या हवेच्या दुप्पट. गणिताची जाळी बारीक करूनही फरक नाही. शिवाय रॅम्प फार लांब आहे. किती कापावा?

प्रतिसाद १
आखणीत गॅमा (वायूच्या दोन विशिष्ट उष्णतांचं गुणोत्तर) 1.4 धरलाय, नक्की. तो थंड हवेचा. जळालेल्या गरम वायूला 1.25 च्या आसपास घ्या.

फरक किती पडतो बघा. मॅक 2 ते 4 साठी 1.4 ने क्षेत्रफळाचं गुणोत्तर 6.35 येतं, म्हणजे तोंड 318 मिमी. 1.25 ने 11.3, म्हणजे 566 मिमी! सुरुवातीच्या कोपऱ्याचा कोनही 19.7 वरून 25.6 अंशांवर जातो. दाब बरोब्बर 32 पटींनी उतरतो: 80 चा 2.5 किलोपास्कल, 25 किमीवरच्या हवेइतकाच. आत्ताचं तोंड अपुरं आहे, म्हणून वायू 5.4 किलोपास्कलला बाहेर पडतोय आणि तेवढा थ्रस्ट (पुढे ढकलणारा जोर) वाया जातोय.

वायू निवतो तसा गॅमा वाढतो, त्यामुळे शेवटचा आकार तापमानानुसार बदलत्या गॅमाने काढा. मग रसायन गोठलेलं (वायूची घडण बदलतच नाही असं) धरून एकदा आणि पूर्ण समतोल (अभिक्रिया क्षणात पूर्ण होतात असं) धरून एकदा गणित चालवा. खरं उत्तर या दोहोंमध्ये असतं.

प्रतिसाद २
कापायचं ठिकाण असं शोधा: आतबाहेरचा दाबफरक गुणिले उताराचा टॅन हा आकडा भिंतीवरच्या घर्षण-ताणापेक्षा कमी झाला, की पुढचा रॅम्प थ्रस्ट देत नाही, खातो. घर्षणासाठी भिंतीलगत वाय-प्लस (जाळीचा पहिला थर भिंतीपासून किती दूर, याचं माप) 1 च्या आसपास हवा. कापल्यावर मागे उभी भिंत उरली तर तिथला कमी दाब मागे ओढतो, तोही धरा.

प्रतिसाद ३
थ्रस्टइतकंच पिचिंग मोमेंटकडे (नाक वर-खाली फिरवणाऱ्या जोराकडे) बघा. नासाच्या एक्स-43ए या प्रायोगिक स्क्रॅमजेट विमानात विमानाचं मागचं पोट हाच रॅम्प होता. तिथला जास्तीचा दाब शेपूट उचलतो, नाक खाली जातं. कमी मॅकला वायू गरजेपेक्षा जास्त फुलतो, रॅम्पवरचा दाब बाहेरच्यापेक्षा खाली उतरतो आणि मोमेंट उलटतो. म्हणून खालच्या काऊलची (इंजिनाच्या खालच्या कवचाची) लांबी आणि कोन दोन्ही बदलून मॅक 4, 5, 6 ला तपासा, बाहेरचा प्रवाह जाळीत घेऊनच.