टॅक्स डीडच्या लिलावातली शिल्लक

फ्लोरिडातला प्लॉट थकलेल्या करापोटी लिलावात गेला, मालक आता पुण्यात, थकबाकी वजा जाऊन उरलेले वरचे पैसे मिळतील का, असा प्रश्न आहे. मिळतात, पण आधी काउंटीच्या (तिथला जिल्हा) क्लर्क ऑफ कोर्टकडून, म्हणजे कोर्टाच्या नोंदी ठेवणाऱ्या अधिकाऱ्याकडून, टॅक्स डीडची (करापोटी झालेल्या विक्रीच्या दस्ताची) फाइल मागवा. त्यात मूळ बोली (थकलेला कर आणि खर्च मिळून लिलाव जिथून सुरू होतो ती रक्कम), अंतिम बोली आणि नोटिसा कोणाला गेल्या, हे सगळं दिसतं.

समजा मूळ बोली ९,००० डॉलर, विक्री ४१,००० ला. शिल्लक ३२,०००. त्यातून आधी सरकारी बोजे जातात. गवत न कापल्याचा शहराचा दंड ६,५०० असेल तर उरले २५,५००. मग नोंदणीकृत गहाणदार वगैरे, आणि शेवटी मालक. गहाणदारांना नोटीस टपालात पडल्यापासून १२० दिवसांत दावा करावा लागतो, नाहीतर हक्क जातो. मालकाला ती मुदत तशी लागू नसली तरी त्याच्या आत अर्ज टाकलेला बरा. नंतर रक्कम राज्याच्या बेवारस मालमत्ता खात्याकडे जाते आणि कागदपत्रांचा खेळ नव्याने सुरू होतो.

अडतं कुठे? बहुधा नोटीस जुन्याच पत्त्यावर जाते. दुसरं, मालकाच्या मूळ खरेदीच्या डीडवरचं नाव आणि पासपोर्टवरचं नाव जुळत नाही (लग्नानंतरचं आडनाव, गाळलेलं वडिलांचं नाव). दोन्ही नावांचं प्रतिज्ञापत्र सोबत जोडा. भारतातला नोटरी चालेल का, त्यावर अपोस्टिल (परदेशात कागद ग्राह्य धरला जावा म्हणून सरकारी शिक्का) हवं का, हे क्लर्कला ईमेलवर आधीच विचारा. मालक वारले असतील तर वारसांना बहुतेक वेळा तिथल्या प्रोबेट कोर्टाचा (मृताच्या मालमत्तेचा निकाल लावणारं कोर्ट) आदेश लागतो. आपल्याकडचा वारस दाखला पुरत नाही.

‘पैसे काढून देतो’ म्हणणाऱ्यांच्या पत्रावर सही करू नका. साध्या दाव्याचा फॉर्म क्लर्ककडेच मिळतो.