मदत हवी आहे: पोस्टग्रेसचं पीजी_वॉल फोल्डर फुगतंय, जुन्या फाइली उडवू का?

पोस्टग्रेस (डेटाबेस सर्व्हर) १५, लिनक्सवर. एक प्रायमरी (मुख्य सर्व्हर), एक स्टँडबाय (त्याची सतत ताजी होणारी प्रत). डेटा ६० जीबी, पण पीजी_वॉल (डेटातल्या प्रत्येक बदलाची नोंद, म्हणजे वॉल, जिथे साठते ते फोल्डर) एकटंच २१० जीबी! डिस्क ९१ टक्के भरली आहे. मॅक्स_वॉल_साइझ ४ जीबी, आर्काइव्ह_मोड ऑफ, वॉल_कीप_साइझ शून्य. चेकपॉइंट (बदल मुख्य डेटा फाइलींत उतरवण्याचा टप्पा) वेळेवर होतात, स्टँडबाय मागे नाही. सगळ्यात जुन्या फाइली हाताने काढल्या तर चालेल का?

प्रतिसाद १
नका काढू, एकही नाही. चुकून गरजेची फाइल गेली तर क्रॅशनंतर सर्व्हर उठणारच नाही. डिस्क पूर्ण भरली तर सर्व्हर पॅनिक होऊन बंद पडेल, पण तेव्हाही आधी जागा वाढवा, फाइलींना हात लावू नका.

मॅक्स_वॉल_साइझ ही कडक मर्यादा नव्हे. तिच्यामुळे चेकपॉइंट लवकर होतो, इतकंच. आर्काइव्हिंग (वॉलच्या प्रती दुसरीकडे साठवणं) आणि वॉल_कीप_साइझ (स्टँडबायसाठी किती जुनं वॉल ठेवायचं ती सेटिंग) दोन्ही बाद, म्हणजे कुठला तरी रेप्लिकेशन स्लॉट (वॉल घेणाऱ्याने कुठपर्यंत वाचलं याची खूण, तिच्यापुढचं वॉल सर्व्हर काढत नाही) वॉल धरून बसलाय. पीजी_रेप्लिकेशन_स्लॉट्स मध्ये ॲक्टिव्ह, वॉल_स्टेटस आणि रीस्टार्ट_एलएसएन (एलएसएन म्हणजे वॉलमधली जागा) हे कॉलम बघून इथे टाका.

धागाकर्ता
दोन स्लॉट आहेत. स्टँडबायचा ॲक्टिव्ह, रिझर्व्ह्ड. दुसरा लॉजिकल (अख्ख्या सर्व्हरऐवजी एकाच डेटाबेसमधले बदल पाठवणारा): ॲक्टिव्ह फॉल्स, एक्स्टेंडेड (मॅक्स_वॉल_साइझच्या पुढचं वॉलही धरलेलं), सध्याच्या एलएसएनपासून २०८ जीबी मागे. डेटा दुसरीकडे हलवताना केला होता, आता कोणी वापरत नाही.

प्रतिसाद १
सापडला. पीजी_ड्रॉप_रेप्लिकेशन_स्लॉट ला त्याचं नाव देऊन तो काढा आणि लगेच चेकपॉइंट कमांड द्या. स्लॉट काढल्याक्षणी जागा सुटत नाही, चेकपॉइंटला सुटते. लॉजिकल स्लॉटचा कॅटलॉग_एक्समिन (स्लॉटला लागणाऱ्या सर्वात जुन्या व्यवहाराचा क्रमांक) सिस्टिम कॅटलॉगमधल्या (पोस्टग्रेसच्या स्वतःच्या नोंदींच्या टेबलांमधल्या) मेलेल्या ओळीही अडवून ठेवतो, म्हणून नंतर त्यातल्या पीजी_क्लास आणि पीजी_ॲट्रिब्यूट वर व्हॅक्यूम (मेलेल्या ओळी साफ करणारी कमांड) चालवा.

मग मॅक्स_स्लॉट_वॉल_कीप_साइझ (स्लॉट जास्तीत जास्त किती वॉल धरू शकतो ती मर्यादा) ठरवा. हे आवृत्ती १३ पासून आहे, पण मूळ किंमत -१, म्हणजे मर्यादाच नाही. ती बदलायला रीलोड (सर्व्हर बंद न करता सेटिंग्ज पुन्हा वाचणं) पुरतो. आकडा मात्र अंदाजाने टाकू नका: गर्दीच्या वेळी तासाभराच्या अंतराने पीजी_करंट_वॉल_एलएसएन दोनदा घ्या आणि फरक काढा. तासाला ३ जीबी निघाले आणि स्टँडबाय १२ तास बंद राहिला तरी चालायला हवा, तर ३६ जीबी अधिक थोडी मोकळीक. मर्यादा ओलांडली की स्लॉट लॉस्ट होतो आणि स्टँडबाय पीजी_बेसबॅकअप (प्रायमरीची पूर्ण प्रत घेणारं साधन) ने नव्याने उभा करावा लागतो. प्रायमरी बंद पडण्यापेक्षा ते केव्हाही बरं. ॲक्टिव्ह फॉल्स असलेल्या स्लॉटवर अलर्टही लावा.

प्रतिसाद २
त्या लॉजिकल स्लॉटसाठी बनवलेला रोल (डेटाबेसमधला वापरकर्ता) अजून असेल, तर त्याच्याकडे रेप्लिकेशनचा हक्क आणि लॉगिन दोन्ही शाबूत असतील. नोरेप्लिकेशन, नोलॉगिन करा. पीजी_एचबीए (कोण कुठून जोडू शकतो ते ठरवणारी फाइल) मधली त्याची ओळ शोधताना एक गोष्ट लक्षात ठेवा: लॉजिकल जोडणी ‘रेप्लिकेशन’ लिहिलेल्या ओळीशी जुळत नाही, डेटाबेसच्या नावाच्या ओळीशी जुळते. ओळ काढून रीलोड केल्यावरही आधीपासून उघडी असलेली जोडणी तुटत नाही. ती पीजी_टर्मिनेट_बॅकएंड ने तोडा.