मदत हवी आहे: मॉडेल स्टीम इंजिन हवेवर पळतं, वाफेवर मात्र पाणी ओकून बंद पडतं

नमस्कार मंडळी,

हौस म्हणून घरी छोटा स्टीम प्लँट उभा करतोय. एकाच फळीवर बॉयलर, इंजिन आणि पट्ट्यावर फिरणारी छोटी डीसी मोटर डायनॅमो म्हणून, त्यावर चार एलईडी पेटले की आपण खूश. आम्ही कोल्हापूरचे, त्यामुळे लेथकाम आणि कास्टिंगची ददात नाही, उद्यमनगरात काय हवं ते करून मिळतं, पण वाफेवर काम केलेला माणूस काही भेटत नाही, जो तो म्हणतो कशाला ताप, कंप्रेसरवर चालव की.

इंजिन उभं, एक सिलिंडर, डबल ॲक्टिंग (पिस्टनच्या दोन्ही बाजूंना आळीपाळीने वाफ), स्लाइड व्हॉल्व्हचं (सपाट सीटवर सरकत वाफेची वाट उघडणारा-मिटणारा व्हॉल्व्ह). बोअर १९ मिमी, स्ट्रोक १९ मिमी. स्टुअर्ट कंपनीच्या १०व्ही या मॉडेल इंजिनचं जे पाऊण इंच बाय पाऊण इंच माप आहे तेच धरलंय. त्यांचा कास्टिंगचा सेट इंग्लंडहून मागवायचं फार मनात होतं, पण भाडं आणि कस्टम ड्युटी धरून बघितलं आणि सरळ गनमेटलचा (तांबं-कथलाचा मिश्रधातू) रॉड आणला. पिस्टनला वाफ गळू नये म्हणून ग्रॅफाइटची ग्लँड डोरी. एक बार हवेवर इतकं गोड चालतं की बघत बसावं.

बॉयलर पण उभाच. हॉस्पिटलच्या गॅस लाइनला जो ७६ मिमीचा तांब्याचा पाइप वापरतात त्याचा तुकडा मिळाला, जाडी दीड मिमी, उंची १५० मिमी, आत १२ मिमीच्या सात फायर ट्यूब (पाण्यातून आच वर नेणाऱ्या नळ्या), वरखाली तांब्याच्या प्लेटा, सगळं सिल्व्हर ब्रेझिंग (चांदीच्या मिश्रधातूने सांधलेलं). व्हॉल्व्ह-गेज बसवायचे बुश पितळेचे नाही, गनमेटलचे. प्लंबरचा टेस्ट पंप भाड्याने आणून ६ बार पाण्याची टेस्ट केली, कुठेही थेंब नाही. सेफ्टी व्हॉल्व्ह ३ बारला उडतो, चालवतोय २ बारवर. खाली कॅम्पिंगच्या शेगडीचा बर्नर.

आता दुखणं. २ बार झाले की मेन व्हॉल्व्ह उघडतो, इंजिन दोन-चार आचके देतं, एक्झॉस्टमधून पिचकारी उडते, थोडं फिरतं आणि धाडकन थांबतं, फ्लायव्हील हाताने पण हलत नाही. गेजचा काटा तोवर एकच्या खाली. बॉयलर ते इंजिन ६ मिमीचा पाइप आहे साधारण दीड फूट, उघडाच, वर काही गुंडाळलेलं नाही.

हिशोबाने असं व्हायला नको. एका फेऱ्याला १०.८ सीसी, ३०० आरपीएमला मिनिटाला सव्वातीन लिटर वाफ, २ बारला एक लिटर वाफेचं वजन १.६५ ग्रॅम, म्हणजे मिनिटाला पाच-साडेपाच ग्रॅम पाणी. दुप्पट धरलं तरी ३५० सीसी पाण्यात अर्धा तास निघायला पाहिजे. बॉयलरवरच्या काचेतली पाण्याची पातळी तर बघता बघता खाली जाते. सुपरहीटरची कॉइल (वाफ आणखी तापवून कोरडी करणारी) टाकू का? की बर्नर मोठा करू? आणि तेल कुठलं, सध्या गाडीचं २०-४० घालतोय.

प्रतिसाद

बर्नरला हात लावू नका. मिनिटाला दहा ग्रॅम पाण्याची वाफ करायला चारशे वॉटसुद्धा लागत नाहीत, निम्मी आच वाया गेली तरी तुमची शेगडी पुरून उरेल.

तुमच्याकडे दोन वेगळे आजार आहेत. एक, गार सिलिंडर. अर्धा किलो गनमेटल १३३ डिग्रीपर्यंत तापवायचं तर नऊएक ग्रॅम वाफेचं पाणी होणार, आणि ते जाणार कुठे? पिस्टनच्या डोक्यावर. पाणी दाबलं जात नाही, म्हणून फ्लायव्हील अडकतं. नशीब स्लाइड व्हॉल्व्ह आहे, तो सीटवरून थोडा उचलला जातो आणि पाणी सटकतं, नळीत घट्ट बसणारा, न उचलला जाणारा पिस्टन व्हॉल्व्ह असता तर कनेक्टिंग रॉड वाकला असता. सिलिंडरच्या दोन्ही टोकांना ड्रेन कॉक (पाणी सोडायच्या छोट्या तोट्या) लावा, व्हॉल्व्ह जरासा उघडून फ्लायव्हील हाताने फिरवत राहा, ड्रेनमधून कोरडी वाफ यायला लागली की मगच सोडा. पाइप निम्मा करा आणि त्याला बाइकच्या सायलेन्सरचा हीट टेप गुंडाळा.

दुसरा आजार काचेत दिसतोय. पातळी इतक्या पटकन उतरते म्हणजे पाणी वाफ न होता तसंच वर ओढलं जातंय. ब्रेझिंगनंतर आतला फ्लक्स (सांधा धरावा म्हणून लावतात ती पावडर) धुतला होता का? तो राहिला की पाणी फेसाळतं. व्हॉल्व्ह उघडताना काचेत फेस दिसतो का बघा.

प्रतिसाद

वरच्यांशी सहमत, कॉइल नंतर टाका, आधी फेस. अजून एक, मेन व्हॉल्व्ह बंद आणि आच पूर्ण ठेवून बघितलंय का? सेफ्टी व्हॉल्व्ह उडाल्यावरही काटा चढतच राहिला तर तो व्हॉल्व्ह लहान आहे, मग बाकी काम थांबवा. २५ लिटरच्या आतला बॉयलर कायद्याच्या व्याख्येत बसत नाही, तेव्हा इन्स्पेक्टर विचारायला येणार नाही, जे काय बघायचं ते आपणच.

आणि गाडीचं तेल बंद. ओल्या वाफेत त्याचं ताक होतं. स्टीम सिलिंडर ऑइल वेगळं येतं, जाड, ते ल्युब्रिकेटरमध्ये (वाफेत तेल सोडणाऱ्या छोट्या डबीत) भरा.

धागाकर्ता

दोघांचेही आभार. आज मुद्दाम काचेकडे डोळे लावून बसलो. व्हॉल्व्ह उघडला की पातळी आधी चक्क वर उसळते, बुडबुडे भरतात आणि मग एकदम खाली, म्हणजे फेसच. किराणातून लिंबूसत्व आणलंय, गरम पाण्यात करून रात्रभर आत ठेवतो, मग तीन-चारदा धुऊन डिस्टिल्ड वॉटर. सेफ्टी व्हॉल्व्हची टेस्ट पण केली, पूर्ण आचेवर काटा ३.२ च्या वर गेला नाही. ड्रेन कॉकसाठी सिलिंडरला एम ५ चे आटे पाडायला देतोय.

राहिलं तेल. सिलिंडर ऑइल जिथे विचारावं तिथे वीस लिटरचा डबाच घ्या म्हणतात, मला जन्मभर पुरेल तो. पुण्यात किंवा मुंबईत नागदेवीच्या हार्डवेअर बाजारात अर्धा लिटर सुटं देणारं दुकान कोणाला माहीत आहे का?