पेशींना एकमेकींशी जोडणारं प्रोटीन ई-कॅडहेरिन गेल्यावर कॅन्सर पसरतो ना, मग मेटास्टॅसिसमध्ये (पसरून दुसरीकडे झालेल्या गाठीत) ते परत कसं दिसतं?

सेमिनारग्रस्त: लंग कॅन्सरमधल्या सेल अ‍ॅड्हीजन मॉलिक्यूल्सवर (पेशींना चिकटवून ठेवणाऱ्या प्रोटीन्सवर) बोलायचंय. जिथे बघावं तिथे एकच, ई-कॅडहेरिन कमी झालं, पेशी सुटली, पसरली. पण अ‍ॅडेनोकार्सिनोमाच्या (लंग कॅन्सरचा एक प्रकार) ब्रेन मेटास्टॅसिसच्या काही स्लाइड्स बघितल्या तर पेशींच्या कडेकडेने ई-कॅडहेरिनचा तपकिरी स्टेन चक्क ठसठशीत. असं कसं?

मायक्रोटोम: कारण ई-कॅडहेरिनचं जीन बहुतेक वेळा तुटलेलं नसतं, नुसतं दाबलेलं असतं. टीजीएफ-बीटाचा (पेशींना निरोप देणारं प्रोटीन) सिग्नल आला की स्नेल, झेब1 वगैरे प्रोटीन मंडळी ते बंद करतात, पेशी लांबुळकी होऊन हलायला लागते, आणि नव्या जागी तो सिग्नल नसला की जीन परत चालू होऊ शकतं. शिवाय बऱ्याच पेशी पूर्ण बदलतच नाहीत, अर्धवट अवस्थेत एकमेकींना धरून घोळक्यानेच रक्तात शिरतात. आणि हा घोळका सुट्या पेशीपेक्षा जास्त डेंजर, उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलंय.

पेट्रीडिश: इंटिग्रिन (पेशीला भोवतालच्या जाळीला, म्हणजे मॅट्रिक्सला, धरून ठेवणारं प्रोटीन) घ्याच घ्या, सगळे कॅडहेरिनवरच अडकतात. साध्या पेशीला धरायला काही नसलं की ती मरते, अ‍ॅनॉइकिस म्हणतात त्याला, कॅन्सरची पेशी यातून सुटते आणि पुढे जिथे पोचेल तिथल्या मॅट्रिक्सला इंटिग्रिनने घट्ट धरते. स्मॉल सेलमध्ये (लंग कॅन्सरचा दुसरा प्रकार) तर बीटा1 इंटिग्रिन मॅट्रिक्समधल्या लॅमिनिनला, फायब्रोनेक्टिनला चिकटलं की केमोचा मारही पचवतात या पेशी, 1999 पासून माहितीये हे.

वाचक_एक: मधेच विचारते, सॉरी. आमच्या काकांच्या रिपोर्टमध्ये सीडी56 पॉझिटिव्ह आहे, ते यातलंच का? म्हणजे जास्त पसरलंय का?

मायक्रोटोम: ताई, यातलंच, एनकॅम म्हणतात ते हेच. पण ते पसरण्याचं माप नाही, कॅन्सरचा प्रकार ओळखायला तो स्टेन लावतात. स्मॉल सेलची बायोप्सी इवलीशी असते, पेशी चिरडून निळसर रेघोट्या झालेल्या असतात, तिथे सीडी56 कामाला येतं. मात्र एनके सेल्स (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी), नर्व्हसुद्धा पॉझिटिव्ह येतात, म्हणून सोबत सिनॅप्टोफायसिन, क्रोमोग्रॅनिन ही दुसरी मार्कर्स बघतात. किती पसरलंय ते स्कॅनवरून कळतं, डॉक्टरांना स्टेज विचारा.

सेमिनारग्रस्त: मग सीडी56 वर औषध का नाही काढलं कुणी?

पेट्रीडिश: काढलं की, लॉर्व्होटुझुमॅब मर्टॅन्सिन. स्मॉल सेलमध्ये केमोच्या जोडीला देऊन बघितलं, फायदा वाढला नाही, इन्फेक्शन्स मात्र वाढली.